वर्डमधील स्वयंचलित मांडणी: चालू ठेवावी की सरसकट बंद करावी?

शलाका (गिरगाव)

आमच्या वाचनालयाला यंदा ७५ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेच्या संपादनाचे व जुळवणीचे काम गेले चार महिने माझ्याकडे आहे. ३१ लेख, ११ कविता, आजवरच्या अध्यक्षांची आणि कार्यवाहांची यादी, मधूनमधून जुनी छायाचित्रे, असा सगळा ऐवज आहे. लेखकांपैकी कोणी वर्डची फाईल पाठवली, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर धाडला, तर दोन ज्येष्ठ सभासदांचे हस्तलिखित मी स्वतः टंकलिखित केले. हे सर्व एकाच फाईलमध्ये आणल्यावर १२४ पाने झाली.

गेल्या शनिवारी रात्री एका लेखातील एक ओळ उपशीर्षक म्हणून मी ठळक केली आणि त्याच क्षणी अलीकडच्या-पलीकडच्या सगळ्या लेखांचा मजकूर ठळक होऊन पाने १३७ झाली. त्याआधी अध्यक्षांच्या यादीने त्रास दिला होता. २३ नावांची ती यादी संपून पुढचा लेख सुरू झाला आणि त्यातल्या लेखकाने दिलेले तीन मुद्दे २४, २५, २६ असे क्रमांक घेऊन बसले. दोन लेखांमध्ये अंतर असावे म्हणून तीन छोट्या रेघा देऊन एंटर केले, तर पानभर आडवी रेघ उमटली. ती ना निवडता येते, ना पुसता येते.

छापखान्याला फाईल देण्यास तीन आठवडे उरले आहेत. माझा प्रश्न असा आहे की वर्ड आपल्या मनाने जे जे करते ते सगळे एकदाच बंद करावे, की त्यातले काही शिकून घेण्यासारखे आहे? ज्यांनी मराठीत मोठे दस्तऐवज तयार केले आहेत त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.


कळफलक (ठाणे)

माझे उत्तर स्पष्ट आहे: बंद करा. फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या मार्गाने गेलात की ‘ऑटोफॉरमॅट अ‍ॅज यू टाइप’ नावाचा कप्पा दिसेल. त्यात आपोआप बुलेट, आपोआप क्रमांक, आपोआप रेघ, आपोआप तक्ता, इंटरनेटच्या पत्त्याची आपोआप लिंक अशा खुणांच्या चौकटी आहेत. पहिल्या चारांची खूण काढून टाका, निम्मा त्रास तिथेच संपेल.

तोवर एक सवय लावून घ्या. वर्डने आपल्या मनाने काही केले की पुढचे अक्षर टाइप करण्यापूर्वी कंट्रोल झेड दाबा. त्याने तुमचा मजकूर जात नाही, फक्त वर्डने केलेला बदल मागे फिरतो. क्रमांक आपोआप आले असतील तर शेजारी एक लहानसे बटण उमटते; ते उघडून यापुढे आपोआप याद्या करू नयेत असे तिथल्या तिथे सांगता येते.

तुमची रेघ ही रेघ नसून वरच्या परिच्छेदाची खालची चौकट आहे, म्हणूनच ती निवडता येत नाही. त्या परिच्छेदात कर्सर ठेवून बॉर्डर्सच्या बटणातून ‘नो बॉर्डर’ निवडा, किंवा कंट्रोल क्यू दाबा. यादीसाठी २४ या क्रमांकावर माउसचे उजवे बटण दाबून ‘रीस्टार्ट अ‍ॅट १’ निवडा.


वसंतराव (दादर)

कळफलक यांनी दिलेले उपाय बरोबर आहेत, परंतु त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी मराठी टंकलेखन गोदरेजच्या यंत्रावर शिकलो. त्या काळी मथळा मध्यावर आणायचा तर यंत्र कागदाच्या मध्यावर आणून मथळ्यातील दर दोन ठोक्यांमागे एकदा बॅकस्पेस दाबत मागे यायचे आणि तेथून टंकायला सुरुवात करायची. समास जवळ आला की घंटा वाजे आणि ओळ कोठे तोडायची हे आपण ठरवायचे. पुढे कचेरीत वर्डस्टार आले. त्यातही परिच्छेदात एखादा शब्द घातला की ओळी वेड्यावाकड्या होत आणि कंट्रोल बी दाबून तो परिच्छेद पुन्हा जुळवून घ्यावा लागे. मांडणी ही तेव्हा आज्ञा देऊन करून घेण्याची गोष्ट होती आणि आज्ञा कोणती दिली हे पडद्यावर दिसत असे.

वर्ड १९८३ साली डॉसवर आले. टंकतानाच चूक दुरुस्त करणारे ऑटोकरेक्ट १९९३ च्या सहाव्या आवृत्तीपासूनचे. म्हणजे आपण ज्याला आज वैतागतो ते तीस वर्षांहून अधिक काळ आपल्या समोर आहे, आणि तरीही आपल्यापैकी बहुतेकजण त्या यंत्रावरच्या सवयीच घेऊन बसलो आहोत: मथळा मध्यावर आणण्यासाठी स्पेस, नवे पान आणण्यासाठी एंटरवर एंटर, परिच्छेदाच्या आरंभी पाच स्पेस. शलाकाताई, तुमच्या ३१ लेखकांपैकी किमान वीसजणांच्या फाईलींत हे असणारच. कंट्रोल शिफ्ट आठ दाबा आणि पाहा. स्पेसच्या जागी ठिपके, एंटरच्या जागी परिच्छेदाची खूण, टॅबच्या जागी बाण दिसू लागतील. दुरुस्ती तेथून सुरू करावी लागेल. वर्डच्या चौकटीतल्या खुणा काढणे ही नंतरची गोष्ट आहे.


अनुस्वार (विलेपार्ले)

या धाग्यात दोन निरनिराळ्या गोष्टींना एकच नाव दिले जात आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

एक प्रकार असा की वर्ड तुमच्या टंकलेखनावरून तुमच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधते. आकडा, टिंब आणि स्पेस दिसले की ही यादी असणार, तीन छोट्या रेघा आणि एंटर दिसले की आडवी रेघ हवी असणार, असे ते धरून चालते. हा अंदाज पत्रात बऱ्याचदा खरा ठरतो आणि स्मरणिकेसारख्या मिश्र मजकुरात बऱ्याचदा चुकतो. दुसरा प्रकार असा की तुम्ही आधी सांगून ठेवता की लेखाचे शीर्षक असे दिसेल, उपशीर्षक असे, मुख्य मजकूर असा, कवितेची ओळ अशी. आणि मग प्रत्येक परिच्छेदावर केवळ त्याच्या नावाची चिठ्ठी लावता. यालाच स्टाईल म्हणतात. येथेही मांडणी आपोआपच होते, पण ती तुमच्या सांगण्यावरून होते. पहिला प्रकार मी बंद ठेवतो आणि दुसऱ्याशिवाय दहा पानांवरील कोणतेही काम हातात घेत नाही.

आता तुमच्या शनिवारच्या अपघाताविषयी. हा अपघात बहुधा एका खुणेमुळे झाला आहे. ज्या स्टाईलमध्ये तुमचा मुख्य मजकूर आहे तिच्या नावावर उजवे बटण दाबून ‘मॉडिफाय’ उघडा आणि खाली ‘ऑटोमॅटिकली अपडेट’ या चौकटीत खूण आहे का ते पाहा. ती खूण असली की त्या स्टाईलमधला एक परिच्छेद तुम्ही हाताने ठळक केलात, तरी वर्ड तो बदल स्टाईलचाच बदल समजते आणि त्या नावाचे सगळे परिच्छेद तसेच करते. कोणा लेखकाच्या फाईलबरोबर अशी खूण असलेली स्टाईल तुमच्याकडे आली असण्याची शक्यता आहे. खूण काढा, त्याच ठिकाणी ठळकपणाही काढा, १३७ ची पुन्हा १२४ पाने होतील.

पुढच्या तीन आठवड्यांसाठी माझी सूचना अशी की प्रत्येक लेखाच्या शीर्षकाला ‘हेडिंग १’ द्या, त्यासाठी कंट्रोल ऑल्ट एक हे बटण पुरते. आतल्या उपशीर्षकाला ‘हेडिंग २’. ‘हेडिंग १’ च्या परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘पेज ब्रेक बिफोर’ ला खूण करा, म्हणजे प्रत्येक लेख नव्या पानावर आपोआप सुरू होईल आणि वसंतरावांनी सांगितलेल्या एंटरच्या रांगा काढून टाकता येतील. मुख्य मजकुरासाठी आणि कवितेसाठी दोन स्वतंत्र स्टाईल नव्याने करा. इतके झाले की रेफरन्सेसमधून अनुक्रमणिका एका क्लिकमध्ये येते आणि डावीकडच्या नेव्हिगेशन पट्टीत ३१ शीर्षके एकाखाली एक दिसतात. तिथे शीर्षक धरून वर-खाली ओढले की अख्खा लेख जागा बदलतो. लेखांचा क्रम ठरवताना समितीच्या बैठकीत याचा किती उपयोग होतो हे मी स्वतः अनुभवले आहे.


उपनगरी (मुलुंड)

अनुस्वार यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे, परंतु माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहिते. मी आमच्या गृहनिर्माण संस्थेची सात वर्षे सचिव आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, म्हणजे ऑगस्टपासून सूचनापत्र, विषयपत्रिका, मागील सभेचे इतिवृत्त असे एकामागून एक कागद तयार होतात. ठरावांना मी एके काळी आपोआप क्रमांक देत असे. एका वर्षी इतिवृत्ताचा मसुदा समितीसमोर गेला, त्यात दोनदा आलेला एक ठराव वगळण्यात आला, आणि पुढचे सगळे ठराव एकेका क्रमांकाने वर सरकले. मधल्या काळात गळतीच्या दुरुस्तीसंबंधी जे पत्र आम्ही ठेकेदाराला दिले होते त्यात ‘ठराव क्र. ९’ असा उल्लेख होता. अंतिम इतिवृत्तात नववा ठराव वाहनतळाचा निघाला. ते पत्र मागे घेऊन नवे द्यावे लागले आणि त्यावर सभेत अर्धा तास चर्चा झाली.

तेव्हापासून ठरावांचे क्रमांक मी हाताने टंकते. मंजूर झालेल्या ठरावाचा क्रमांक ही नोंद आहे आणि नोंद आपोआप बदलता कामा नये, असे माझे ठाम मत आहे.


दावा-अर्ज (फोर्ट)

उपनगरीताई, तुमचे दुःख मी रोज पाहतो, कारण मी गेली १६ वर्षे वकिलांच्या कार्यालयात दावे, प्रतिज्ञापत्रे आणि करारनामे टंकतो. तरीही आपोआप क्रमांक सोडा असे मी म्हणणार नाही. ६० परिच्छेदांच्या दाव्यात वकीलसाहेब रात्री आठ वाजता नवा परिच्छेद घालायला सांगतात तेव्हा हाताने दिलेले ५९ क्रमांक बदलत बसणे शक्य नसते, आणि ‘वर परिच्छेद १४ मध्ये नमूद केल्याप्रमाणे’ असे जे उल्लेख पानापानांवर विखुरलेले असतात ते तर नक्कीच चुकतात.

त्यावर उपाय असा की उल्लेखातला आकडाही हाताने टंकू नये. रेफरन्सेसमध्ये ‘क्रॉस-रेफरन्स’ आहे. त्यातून तो परिच्छेद निवडला की आकडा दुव्यासह बसतो. शेवटी सगळा मजकूर निवडून एफ ९ दाबले की सर्व उल्लेख नव्या क्रमांकांप्रमाणे होतात. मसुदा चालू असेपर्यंत क्रमांक जिवंत राहू द्यावेत आणि मसुदा अंतिम झाला, सह्या व्हायची वेळ आली, की पीडीएफ करून ते गोठवावेत. तुमच्या प्रसंगात चूक अशी झाली की मसुद्यातला क्रमांक अंतिम असल्यासारखा बाहेरच्या पत्रात गेला.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. आपोआप आलेला क्रमांक हा मजकूर नसतो, त्यामुळे ‘फाइंड’ मध्ये तो शोधला तर सापडत नाही. नवीन मुले यात तासन्‌तास घालवतात.

आणि इंग्रजी करारनाम्यांसाठी: कंसात सी हे अक्षर टाइप केले की वर्ड त्याचे कॉपीराइटचे वर्तुळ करते. अ, ब, क अशा पोटकलमांऐवजी जिथे इंग्रजी अक्षरे असतात तिथे तिसरे पोटकलम हमखास वर्तुळात जाते. ऑटोकरेक्टच्या यादीतून ती एक नोंद वगळली की काम झाले; सगळे ऑटोकरेक्ट बंद करायची गरज नाही.


उपनगरी (मुलुंड)

दावा-अर्ज, धन्यवाद. मसुदा आणि नोंद यांतला फरक तुम्ही नेमका दाखवलात. विषयपत्रिकेसाठी आणि मसुद्यासाठी आपोआप क्रमांक वापरून पाहीन. मात्र इतिवृत्ताच्या नोंदवहीत जी प्रत जाते तिच्यात क्रमांक हातानेच असतील, यावर मी कायम आहे.


रेफ (डोंबिवली)

सगळ्यांनी चांगली माहिती दिली आहे, परंतु मराठीत काम करणाऱ्याला जो खरा अडथळा येतो त्याबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही.

वर्ड प्रत्येक अक्षरासाठी फॉन्टच्या दोन नोंदी ठेवते. एक रोमन लिपीसाठी आणि दुसरी ज्याला ते ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ म्हणते त्या लिप्यांसाठी. देवनागरी या दुसऱ्या गटात येते, कारण तिच्यात जोडाक्षरे आहेत, वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. फॉन्टचे नाव, आकार, ठळकपणा, तिरपेपणा या सगळ्यांच्या नोंदी दोन-दोन असतात. स्टाईल बदलताना तुम्ही समोर दिसणारा आकार १४ केलात आणि तो फक्त रोमन नोंदीला लागला, तर इंग्रजी शब्द आणि इंग्रजी आकडे मोठे होतील, मराठी मजकूर मात्र जागचा हलणार नाही. मग माणूस मजकूर निवडून हाताने मोठा करतो, आणि तिथून स्टाईलचा उपयोग संपतो. ‘स्टाईल मराठीत चालत नाहीत’ असे जे मी अनेकांकडून ऐकले आहे त्याचे मूळ बहुतेक वेळा येथे आहे.

स्टाईलच्या ‘मॉडिफाय’ मध्ये डाव्या कोपऱ्यातील ‘फॉरमॅट’, त्यात ‘फॉन्ट’ उघडा. वर रोमन आणि त्याखाली ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असे दोन भाग दिसतील. दोन्हीकडे फॉन्ट आणि आकार स्वतंत्रपणे भरा. खालचा भाग दिसत नसेल तर ऑप्शन्समधल्या ‘लँग्वेज’ मध्ये मराठी ही लेखनाची भाषा म्हणून जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. मराठी जोडल्यावर क्रमांकांच्या शैलीत देवनागरी १, २, ३ देखील मिळतात. शलाकाताई, तुमच्या स्मरणिकेत एका लेखकाची सालाची नोंद देवनागरी आकड्यात आणि दुसऱ्याची इंग्रजी आकड्यात असेल तर ती दोन वेगळ्या फॉन्टमध्ये आणि कदाचित दोन वेगळ्या आकारांत छापली जाईल. छापण्यापूर्वी सगळे आकडे एका लिपीत आणाच.

ओळींतल्या अंतराचेही तसेच आहे. मंगल फॉन्टची ओळ उंच असते. शेजारी इंग्रजी फॉन्टची ओळ आली की पानावर ओळी कमी-जास्त अंतरावर दिसतात. त्यासाठी लोक ‘एक्झॅक्टली’ निवडून ठराविक अंतर देतात, ते योग्यच आहे, पण आकडा लहान दिला तर वरची वेलांटी, मात्रा आणि रफार कापले जातात. ‘कीर्ती’, ‘मूर्ती’, ‘धैर्य’ हे तीन शब्द एका ओळीत टाइप करून आधी तपासा. त्यांचे शेंडे-बुंधे शाबूत राहिले तर ते अंतर चालेल.


अनुस्वार (विलेपार्ले)

रेफ यांचा प्रतिसाद वाचून मी माझ्या जुन्या फाईली उघडून पाहिल्या. माझ्या ‘मजकूर’ स्टाईलमध्ये खालच्या नोंदीत आकार वेगळाच होता आणि इतकी वर्षे मी तो हाताने दुरुस्त करत आलो होतो. मनःपूर्वक आभार.


चौकट (लालबाग)

माझा छोटा छपाई व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, अहवाल आणि अशाच स्मरणिका आमच्याकडे येतात, म्हणून दुसऱ्या टोकाकडून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट जुन्या फॉन्टची. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे संकेतांक आहेत, पण कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. पडद्यावर ‘कमल’ दिसते, पण वर्डच्या लेखी ती डी, ई, वाय ही तीन लहान इंग्रजी अक्षरे असतात. परिच्छेदाच्या आरंभी हा शब्द टाइप करून स्पेस दिला की वाक्याचे पहिले अक्षर मोठे करण्याच्या नियमाने वर्ड डी मोठा करते, आणि त्या फॉन्टमध्ये मोठ्या डीच्या जागी अर्धा क आहे. ‘कमल’ चे ‘क्मल’ होते. अवतरणचिन्हांचेही तसेच: साध्या एकेरी अवतरणचिन्हाच्या जागी तिथे अर्धा श असतो, वर्डने ते चिन्ह वळणदार केले की श निघून जातो आणि त्या जागी अवतरणचिन्ह उमटते. टंकणाऱ्याला वाटते आपली बोटे चुकली. जुन्या फॉन्टमध्ये काम करणाऱ्यांनी मोठ्या अक्षराचा नियम आणि वळणदार अवतरणचिन्हे या दोन खुणा काढल्याच पाहिजेत. त्यापेक्षा मजकूर युनिकोडमध्ये घ्यावा हे अधिक चांगले.

दुसरी गोष्ट, फाईल देण्यापूर्वी छापखान्यात कोणते सॉफ्टवेअर आहे ते विचारा. पेजमेकर युनिकोड स्वीकारत नाही. त्यांच्याकडे तेच असेल तर तुमचा मजकूर पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये बदलला जाईल आणि त्यात जोडाक्षरे बिघडू शकतात, म्हणून मुद्रितशोधन पहिल्यापासून करावे लागेल. इनडिझाइन असेल तर स्टाईल लावलेली वर्डची फाईल आमच्यासाठी सोन्यासारखी असते. ‘हेडिंग १’ ला आमच्याकडची शीर्षकाची शैली एकदा जोडली की ३१ शीर्षके एकाच वेळी जुळतात. हाताने ठळक आणि मोठी केलेली शीर्षके आली तर ती एकेक करून शोधावी लागतात आणि एखादी सुटतेच.

आणि युनिकोडमध्ये टंकत असाल तर वळणदार अवतरणचिन्हे आणि दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ, हे दोन बदल कृपया चालू ठेवा. छापील पानावर सरळ अवतरणचिन्ह फार बोचते. फक्त ‘सन ’७५’ असे लिहिताना वर्ड उलट्या तोंडाचे चिन्ह देते, ते हाताने दुरुस्त करावे लागते.


नितळ (अंधेरी)

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या लेखांबद्दल कोणी लिहिले नाही. तेथून नकलून आणलेल्या मजकुरात ठळक शब्दांच्या दोन्ही बाजूंना तारका येतात. ‘अ‍ॅज यू टाइप’ चे नियम चिकटवलेल्या मजकुराला लागत नाहीत, त्यामुळे त्या तारका तशाच राहतात. मात्र त्याच खिडकीत शेजारी नुसता ‘ऑटोफॉरमॅट’ नावाचा कप्पा आहे, तो अख्ख्या फाईलवर एकदम चालतो आणि त्यात तारकांमधला मजकूर खरोखर ठळक करण्याची सोय आहे. हव्या त्या खुणा ठेवून कंट्रोल ऑल्ट के दाबले की तो चालतो. हे प्रत्येक लेखाच्या स्वतंत्र प्रतीवर करावे, मुख्य फाईलवर नाही.

दुसऱ्यांच्या फाईलींतला मजकूर आणताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ वापरले तर त्यांच्या स्टाईल तुमच्याकडे येत नाहीत. शनिवारचा प्रकार त्यामुळे टळला असता. पण त्यात लेखकाने केलेला ठळकपणा आणि तिरपेपणाही जातो, हे ध्यानात ठेवावे.

ज्यांच्याकडे वर्ड नाही त्यांच्यासाठी: लिब्रेऑफिस रायटरमध्ये हे सगळे टूल्समधील ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये आहे आणि एफ ११ दाबले की स्टाईलची यादी उघडते. गूगल डॉक्समध्ये टूल्समधील प्रेफरन्सेस पाहावे.


शलाका (गिरगाव)

सर्वांचे आभार कसे मानावेत कळत नाही. गेले चार दिवस संध्याकाळी सहा ते नऊ वाचनालयाच्या संगणकावर बसून काम केले. काय झाले ते सांगते.

‘ऑटोमॅटिकली अपडेट’ ची खूण खरोखरच होती आणि ती एका लेखकाच्या फाईलमधून आलेल्या स्टाईलला होती. खूण आणि ठळकपणा काढल्यावर पाने पुन्हा १२४ झाली. वसंतरावांनी सांगितलेले कंट्रोल शिफ्ट आठ दाबले तेव्हा एका ज्येष्ठ लेखकाच्या सहा पानी लेखात प्रत्येक ओळीच्या शेवटी परिच्छेदाची खूण दिसली. त्यांनी संगणकावरही यंत्राप्रमाणेच प्रत्येक ओळ स्वतः तोडली होती. त्या खुणा एकेक करून काढताना मला कंटाळा आला नाही. ओळ कोठे तोडायची हे त्यांनी किती विचाराने ठरवले होते ते दिसत होते. बहुतेक ओळी अर्थ पुरा होतो तिथेच संपत होत्या.

आपोआप बुलेट, क्रमांक, रेघ आणि तक्ता बंद केले आहे. अवतरणचिन्हे आणि लांब रेघ चौकट यांच्या सांगण्यावरून चालू ठेवली. ‘हेडिंग १’ आणि ‘हेडिंग २’ लावून झाले, दोन्ही नोंदींत आकार भरला. अध्यक्षांच्या यादीचे २३ क्रमांक मात्र उपनगरीताईंच्या मताप्रमाणे हाताने टंकले आहेत, कारण ती यादी आता बदलणारी नाही. छापखान्यात इनडिझाइन आहे, हेही विचारून घेतले.

आता फक्त कवितांचा प्रश्न उरला आहे. कडव्यातल्या प्रत्येक ओळीनंतर एंटर दिला की स्टाईलमधले परिच्छेदांचे अंतर ओळीओळींत येते आणि कडवे विस्कटते.


वसंतराव (दादर)

ओळीच्या शेवटी एंटरऐवजी शिफ्ट एंटर द्या. त्याने ओळ बदलते, परिच्छेद बदलत नाही. कडवे संपले की मगच एंटर. कवितेच्या स्टाईलमध्ये परिच्छेदानंतर १२ पॉइंट अंतर ठेवा आणि दोन्ही बाजूंना सारखे करणारे अलाइनमेंट काढून डावीकडचे ठेवा, अन्यथा शिफ्ट एंटरने तोडलेली छोटी ओळ पानभर ताणली जाते.


चौकट (लालबाग)

वसंतराव, हे शेवटचे वाक्य मी दुकानात टंकणाऱ्या मुलांच्या समोर लिहून लावणार आहे. ताणलेल्या ओळींच्या कविता महिन्याला एकदा तरी येतात.


उपनगरी (मुलुंड)

शलाकाताई, स्मरणिकेला शुभेच्छा. तुमच्या धाग्यामुळे मी यंदाच्या वार्षिक अहवालाला ‘हेडिंग १’ लावून अनुक्रमणिका घातली. दोन शीर्षके नंतर बदलली, पण अनुक्रमणिकेत जुनीच दिसत आहेत. एफ ९ दाबल्यावर दोन पर्याय विचारले जातात, त्यातला पहिला मी घेतला होता.


अनुस्वार (विलेपार्ले)

पहिल्या पर्यायाने फक्त पानांचे आकडे बदलतात. शीर्षकांचे शब्द बदलले असतील तर दुसरा, ‘अपडेट एन्टायर टेबल’, घ्यावा. छपाईपूर्वी शेवटचे काम म्हणून शलाकाताईंनीही तोच घ्यावा.


शलाका (गिरगाव)

घेतला. ‘वाचनालयाची जुनी इमारत’ या लेखाचे शीर्षक अनुक्रमणिकेत अजून ‘जूनी’ असे होते, ते आता बरोबर झाले.